५०० मीटरवरचा विकास

सरकारी व्याख्येचं एक बरं असतं. तिला कधी घाईची लागत नाही.

स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी निकषांत ज्याच्या घरात संडासाला जागा नाही, त्याला ५०० मीटरच्या आत सामुदायिक शौचालय असलं की भागलं. सीट किती? ३५ पुरुषांमागे एक, २५ बायकांमागे एक. हिशेब करून पाहा. माणशी पाचच मिनिटं धरली आणि पहाटे पाचला रांग लागली, तर पस्तिसावा गडी आठला दहा कमी असताना आत शिरतो. तेही सगळं कागदाप्रमाणे असेल तर. म्हणजे सीट तुंबलेली नसेल आणि रांगेत छत्तिसावा नसेल तर.

मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरकडे, देवनार डम्पिंगच्या कुशीत, एखाद्या पहाटे जाऊन या. रांगेत माणसांच्या आधी डबे उभे असतात. उद्घाटनाच्या पाटीवरची नावं ठळक, आतला दिवा मात्र गायब. दाराला कडी नाही, म्हणून एक बाई आत आणि दुसरी बाहेरून दार धरून. पाणी घरून आणायचं, वर पैसेही मोजायचे. रात्री बाहेर पडायला नको म्हणून पोरी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. पुढे लघवीला जळजळ सुरू झाली की डॉक्टर त्याला संसर्ग म्हणतात; पाणी न पिण्याला घरात वळण म्हणतात.

लहान पोरांना रांग परवडत नाही. त्यांची सीट म्हणजे गटाराची कड. त्याच गटारातून पिण्याच्या पाण्याचे पाइप जातात. पाणी येतं तास-दोन तास. उरलेला वेळ रिकामा पाइप गळक्या सांध्यांतून गटार ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी हंड्यात आणून सोडतो. मलनिस्सारण आणि पाणीपुरवठा या दोन खात्यांचा इतका सुरेख समन्वय मंत्रालयातही सापडायचा नाही. गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइड घरपोच. त्यांना मात्र ५०० मीटरची अट नाही.

मग पाऊस येतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि मागोमाग लेप्टो आला. उंदराच्या मुतातले जंतू साचल्या पाण्यातून पायाच्या जखमेत शिरतात. महापालिका दरसाल बजावते : पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. सल्ला सोळा आणे खरा. पण जिची संडासाची वाटच पाण्यातून जाते, तिने हे तास कितव्या फेरीपासून मोजायचे?

मोजण्यात आपण कमी नाही हो. महापालिकेचे मूषक संहारक रात्रपाळीला माणशी ३० उंदीर मारतात आणि सकाळी मोजून दाखवतात. मेलेल्या उंदराची हजेरी लागते. रांगेतल्या जिवंत माणसाची लावायला कुणी येत नाही.

२०१७च्या फेब्रुवारीत मानखुर्दला सामुदायिक शौचालय खचलं आणि खालच्या टाकीत पडून तीन माणसं गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्यातली सगळी शहरं हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

साहेब, सीट मोजून झाल्या असतील, तर आता कडी, दिवा, पाणी आणि खालची टाकीही एकदा मोजा.