पोपडे निघालेल्या भिंतीसमोर मराठी कुटुंब

तैवानमध्ये ज्याला सांस्कृतिक सर्जन उद्यान असे म्हणतात, त्यात उद्यान या शब्दाने मराठी मनात जागी होणारी घसरगुंडी, कारंजे आणि फाटकाबाहेरची भेळ यांपैकी काहीही नसते. बंद पडलेला जुना कारखाना न पाडता तसाच राखावा आणि त्याच्या गोदामांत प्रदर्शने, पुस्तकांची दुकाने, चित्रपटगृह व कॉफीपानाच्या जागा थाटाव्यात, म्हणजे असे उद्यान सिद्ध होते. तैपेई शहरातील ‘ह्वाशान १९१४’ हा या प्रकाराचा ठळक नमुना असून नावातील आकडा 1914 या वर्षी तेथे सुरू झालेल्या मद्यनिर्मितीच्या कारखान्याचा आहे. जपानी अमदानीत स्थापन झालेला हा कारखाना पुढे सरकारी मक्तेदारीखाली आला, 1987 मध्ये त्याचे उत्पादन शहराबाहेर हलवण्यात आले आणि त्यानंतर दहा वर्षे तेथे वेली, शेवाळ व शांतता यांचेच राज्य राहिले. 1997 मध्ये एका नाट्यसंस्थेने त्या ओसाड जागेत प्रयोग केला, सरकारी मालमत्ता बळकावल्याच्या आरोपावरून प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, कलावंतांनी आवाज उठवला आणि 1999 पासून ती जागा कलाकार्यासाठी खुली झाली. आज तेथे येणारा निर्व्यसनी मराठी प्रवासी दारूच्या भट्टीच्या धुराड्याखाली सहकुटुंब, सुहास्य मुद्रेने उभा राहतो आणि ते छायाचित्र कुलदैवताच्या तसबिरीशेजारी लावतो, ही इतिहासाची एक गंमतच म्हणावी लागेल.

तेथे पोहोचण्याचा मार्ग सोपा आहे, कारण मेट्रोच्या निळ्या मार्गावरील जोंगशाओ शिनशेंग स्थानकापासून हे ठिकाण चालत जाण्याइतके जवळ आहे. अडचण असते ती डब्याची. तैपेईच्या मेट्रोत खाण्यापिण्यास बंदी असून तीत पाण्याचा घोटही मोडतो आणि नियमभंगाचा दंड 1500 ते 7500 तैवानी डॉलर इतका असल्यामुळे, पिशवीतील चिवड्याचा वास दरवळत असताना त्याकडे पाठ फिरवून बसलेले काका हा त्या प्रवासातील पहिला करुण प्रसंग ठरतो.

उद्यानात शिरल्यावर प्रथम बुचकळ्यात पाडतात त्या भिंती. गिलाव्याचे पोपडे सुटलेले, विटा उघड्या पडलेल्या, वेलींची मुळे सांध्यांत घुसलेली, अशी भिंत स्वतःच्या सोसायटीत दिसली असती तर ज्यांनी वार्षिक सभेत सचिवांना फैलावर घेतले असते, तेच गृहस्थ येथे तिच्यासमोर उभे राहण्यासाठी रांग लावतात. रांग हा शब्द अक्षरशः घ्यावा, कारण चांगल्या कोपऱ्यासमोर तैवानी तरुणतरुणी शिस्तीने उभे राहून आपल्या पाळीची वाट पाहतात. त्यांच्यात ‘वांगमेई’ हा वर्ग उठून दिसतो. हा शब्द महाजालावर आपली देखणी छायाचित्रे प्रसिद्ध करणाऱ्या तरुणींसाठी वापरला जात असल्याने त्याचे मराठीकरण ‘जालसुंदरी’ असे करता येईल. लग्नाआधी पूर्ण पोशाखात छायाचित्रे काढून घेण्याची प्रथा तैवानात जुनी असल्यामुळे पांढरा घोळदार झगा सांभाळत विटांवरून चालणारी वधू आणि तिच्यामागे तो झगा उचलून धरणारा सहायक, हेही दृश्य नवलाचे नाही. (मुंबईच्या लोअर परळमध्येही एका गिरणीचे धुराडे अजून उभे आहे, मात्र त्याच्या पायथ्याशी येणाऱ्यांचे लक्ष खरेदीकडे असते, हा फरक नोंदवून पुढे जावे.)

व्यक्तिचित्र, म्हणजे ज्यात माणसाचा चेहरा हाच मुख्य विषय आहे असे चित्र, आणि प्रवासातले छायाचित्र यांत मूलभूत वैर आहे, ते असे की प्रवाशाला चेहऱ्याहून अधिक पुरावा हवा असतो. ‘अहो, मागचं धुराडं पूर्ण येतंय ना?’ हा प्रश्न समोरून येताच यजमान एकेक पाऊल मागे सरकू लागतात, फुलझाडांच्या कुंड्यांना पाठ लागेपर्यंत सरकतात, आणि अखेर धुराडे टोकापर्यंत येते, पण त्याच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढे जे काही दिसते ती सौभाग्यवती आहे की पाण्याचा नळ, याचा निर्णय घरी गेल्यावर मोठ्या पडद्यावरच करावा लागतो. यावरचा तोडगा सोपा असूनही क्वचितच अवलंबला जातो: पुराव्याचे चित्र आधी उरकून घ्यावे आणि मग धुराड्याला विसरून माणसाजवळ जावे.

जवळ जाण्यालाही मात्र मर्यादा आहे आणि ती नाकाने घातलेली आहे. नाकाचा शेंडा कानांच्या सुमारे 12 सेंटीमीटर पुढे असतो असे धरल्यास, 30 सेंटीमीटरवरून टिपलेल्या चित्रात कान नाकापेक्षा 40 टक्के अधिक दूर पडतात व त्या प्रमाणात लहान दिसतात, तर 2 मीटरवरून हाच फरक 6 टक्क्यांवर येतो. हात लांब करून स्वतःच काढलेल्या छायाचित्रात घराण्याचे नाक एकाएकी भरदार होते, त्याला आनुवंशिकता नव्हे, अंतर जबाबदार असते. म्हणून फोनवर दुप्पट मोठे दाखवणारी सोय निवडून दोनएक मीटर मागे उभे राहणे शहाणपणाचे. मोठा कॅमेरा बाळगणारे याच कारणाने 85 मिलिमीटरचे भिंग पसंत करतात.

या भिंगासोबत धूसर पार्श्वभूमीचा मोह येतो. या धूसरपणाला जगभर ‘बोके’ म्हणतात आणि तो शब्द जपानी असला तरी मराठी कुटुंबात त्याचा उच्चार झाला की मांजराचा शोध सुरू होतो. भिंगाचे छिद्र 1.8 इतके उघडून 2 मीटरवरून टिपल्यास स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम 6 सेंटीमीटर जाडीचा उरतो. एकट्या माणसाच्या जवळच्या डोळ्यावर नेम धरला तर तो पुरतो, परंतु पाच जणांच्या कुटुंबात आजी रेखीव, सूनबाई अंधुक आणि मागच्या रांगेतले जावई केवळ अफवा, अशी स्थिती होते व तिच्यावरून जे बोलले जाते त्यात प्रकाशशास्त्राचा भाग थोडा असतो. समूहासाठी छिद्र 8 पर्यंत आवळावे आणि सर्वांना एका ओळीत उभे करावे, एवढाच उपाय आहे.

प्रकाशाबाबत पिढीजात समजूत अशी की सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी हवा. जुन्या मंदगती फिल्मच्या काळात तिला आधार होता. आज तिचे पालन केल्यास समोरच्यांचे डोळे मिटतात आणि चेहऱ्यांवर कडू औषध घेतल्याचा भाव उमटतो. तैपेईचे आकाश बहुधा ढगाळ असते, मे-जूनमध्ये पावसाची झड लागते, आणि प्रवासी ज्याबद्दल नशिबाला बोल लावतो तोच हा ढगांचा थर सूर्यप्रकाश पसरवून चेहऱ्यावरच्या सावल्या मऊ करतो. ऊन पडलेच तर उघडी सावली शोधावी. डोक्यावर छप्पर पण समोर मोकळे आकाश असलेल्या जागेला हे नाव आहे. ह्वाशानच्या गोदामांची रुंद दारे यासाठी जणू मुद्दाम बांधली आहेत, कारण दाराच्या आत दोन पावले उभ्या राहिलेल्या माणसाच्या मागे अंधार, समोर उजेड आणि डोळ्यांत दाराच्या आकाराची चमक येते. हिरवळीवर बसवलेल्या व्यक्तीच्या हनुवटीखाली मात्र हिरवट छटा चढते आणि लाल छत्रीखाली उभी राहिलेली व्यक्ती तापाने फणफणल्यासारखी दिसते.

उरतो भावाचा प्रश्न. दादासाहेब फाळके यांच्या बडोद्यातील छायाचित्रणाच्या व्यवसायाला, कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या अफवेने खीळ बसली असे सांगितले जाते. ती अफवा विरली, पण कॅमेरा दिसताच श्वास रोखून सावधान उभे राहण्याची सवय काही विरली नाही. चीनमध्ये हसू आणण्यासाठी ‘छिएत्झ’, म्हणजे वांगे, असे म्हणवतात. तैवानमध्ये ‘कलिंगड गोड आहे का?’ असे विचारून ‘थ्येन’, म्हणजे गोड, असे उत्तर घेतात. मराठीतील ‘गोड’ ओठांचा चंबू करते म्हणून येथे निरुपयोगी, तर ‘भजी’ ओठ दोन्हीकडे ताणते आणि भुकेची आठवण करून देऊन डोळ्यांतही जीव आणते.

ह्वाशानमध्ये गर्दी असह्य झाली तर त्याच निळ्या मार्गावर पूर्वेकडे तिसऱ्या स्थानकावर, सन यत्-सेन स्मारकापाशी उतरावे. तेथून जवळच सोंगशानचा 1937 मधील तंबाखूचा कारखाना आहे, तेथील उत्पादन 1998 मध्ये थांबले आणि आता तेही असेच उद्यान आहे, त्याच्या लांबच लांब खिडक्यांतून येणारा बाजूचा उजेड चेहऱ्याला विशेष मानवतो. जाताना छत्री न्यावी आणि ती पांढरी असावी. डबा मात्र स्थानकात शिरण्यापूर्वीच संपवावा.