सरळगावचा रस्ता आणि मागचे दोन टायर

ठाणे जिल्ह्यातील शहापूरहून किन्हवली आणि सरळगावमार्गे मुरबाडला जाणारा रस्ता नकाशावर निरुपद्रवी दिसतो, आणि वाटेतील सरळगाव हे नाव तर प्रवाशाला आगाऊ दिलेले आश्वासनच वाटते. परंतु पिकअपमधून, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या मालवाहू गाडीतून, तो पार करणाऱ्यास लवकरच कळते की गावाच्या नावातील सरळपणा रस्त्याने स्वतःवर बंधनकारक मानलेला नाही. या प्रवासाच्या अभ्यासकाने माहुलीचे सुळके नंतर पाहावेत आणि आधी गाडीच्या मागच्या दोन टायरांकडे पाहावे, कारण माहुली गडावर कोणी पाचशे विटा लादून त्याला किन्हवलीला पिटाळत नाही.

प्रवासाचा पहिला मुक्काम टायरचे दुकान हा होय. तेथील निवडीचे शास्त्र तीन प्रश्नांवर उभे आहे: ‘केवढ्याला?’, ‘गॅरंटी किती?’ आणि ‘जुन्याचे किती धराल?’ टायर मात्र आपली संपूर्ण कुंडली स्वतःच्या अंगावर वागवीत असतो, आणि लग्नाची पत्रिका चार ठिकाणी दाखवून आणणारा गृहस्थही ती वाचत नाही. ‘१९५/८० आर १५’ या मजकुरात १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० ही त्या रुंदीच्या टक्क्यांत मोजलेली बाजूच्या भिंतीची उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास असतो. त्यापुढील १०६ हा भारांक, म्हणजे एका टायरला पूर्ण हवेनिशी किती वजन पेलवते ते सांगणारा सांकेतिक आकडा: १०६ म्हणजे ९५० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. निर्मितीच्या चार अंकी शिक्क्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. म्हणून ‘१४२३’ हा टायर २०२३ सालच्या चौदाव्या आठवड्यात जन्मलेला असतो, दुकानदार त्याला ‘कालच आलेला माल’ म्हणत असला तरी.

दुकान सोडून गाडी रस्त्याला लागली की भाराचे मायावी स्वरूप प्रकट होते. भाताच्या पेंढ्याने लादलेली पिकअप वळणावर चालत्या डोंगरासारखी दिसते आणि समोरचा दुचाकीस्वार आदराने शेतात उतरतो, परंतु टायरांना तिचे विशेष काही वाटत नाही. याउलट वीटभट्टीवरून निघालेली गाडी अर्धी रिकामी भासते; तीन किलोची एक वीट धरली तरी पाचशे विटांचे वजन दीड टन भरते, आणि ‘अजून जागा आहे की!’ हे वाक्य तेथेच उच्चारले जाते. त्याहून फसवे पाणी. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यात असताना तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि धरण उशाला व कोरड घशाला ही स्थिती अखेर टायरच्याही वाट्याला येते; कारण दोन हजार लिटरची टाकी म्हणजे नेमके दोन टन, आणि ते पाणी प्रत्येक वळणावर आपली बसण्याची जागा बदलते.

जादा भाराने टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते, त्या दबण्यातून उष्णता साठते आणि आतील थर सुटू लागतात. हवा कमी असल्यास हेच अधिक वेगाने घडते. यावर पाटे वाढविण्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांत भर घालण्याचा, लोकप्रिय उपाय आहे. त्याने गाडी ताठ उभी राहते, पण टायरवरील ओझे किलोभरही घटत नाही, जसे कंबरपट्टा बांधल्याने जेवण कमी होत नाही. नक्षीची निवड मात्र वाटेवर ठरते: खोल आडव्या खाचांचा ‘लग’ टायर भट्टीच्या कच्च्या वाटेवर मागून रेटतो, तर उभ्या रेघांचा ‘रिब’ डांबरावर पुढच्या चाकांना नीट वळवितो.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे यात्रा आणि गुरांचा मोठा बाजार भरतो, आणि त्या गर्दीच्या वाटेवर स्टेपनीची परीक्षा होते. जादा चाकाचे हे नाव वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आले, जेथे १९०४ च्या सुमारास अशी चाके तयार होऊ लागली. इकडे हा मान बहुधा गोटा झालेल्या, म्हणजे नक्षी पूर्ण झिजलेल्या, टायरला निवृत्तिवेतन म्हणून मिळतो आणि गरजेच्या क्षणी तोही हवा सोडून बसलेला आढळतो.

तेव्हा खरेदीपूर्वी नेहमीच्या मालासह गाडीची मागची चाके एकदा वजनकाट्यावर घ्यावीत, येणारा आकडा निम्मा करावा आणि त्याहून अधिक किलो पेलणाऱ्या भारांकाचा टायर निवडावा. भारांक वाढला म्हणून आरसी बुकात लिहिलेली भाराची मर्यादा वाढत नाही, हेही ध्यानात ठेवावे. एवढ्याने सरळगावचा रस्ता सरळ होणार नाही, पण गाडी मुरबाडला पोहोचेल.