टिंबकाका

ठाण्याकडून खाडीपूल ओलांडला की कशेळी. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळपर्यंत गोदामंच गोदामं. गोदामाच्या ऑफिसात देवाचा फोटो, डुगडुगणारी खुर्ची आणि एखादे टिंबकाका असतातच.

आमचे टिंबकाका डिस्पॅचला. दोन खोकी कमी आली तरी शांत असतात. पण इंग्रजी वाक्य स्मॉल लेटरने सुरू झालं की चष्मा कपाळावर चढतो. ‘डिअर सर’मधला सर कॅपिटल आणि स्वतःचा ‘आय’ स्मॉल, यात त्यांना गुलामीचा अख्खा इतिहास दिसतो. अख्खा मेल कॅपिटलमध्ये आला तर, “ओरडतोय मेला!” म्हणत कानात बोट घालतात. ‘टायर्स’च्या एसआधी कोणी तुरा लावला की विचारतात, “टायरचं काय? पुढे लिहा की!”

रकमेतला स्वल्पविराम तर जिवाचाच. आपला लाख 1,00,000. परदेशी पार्टीचा 100,000. एकदा आलेल्या कोटेशनमध्ये दोन्ही होते. काका जेवले नाहीत.

मी म्हटलं, “काका, देवनागरीत रामाचा रा आणि रावणाचा रा एकाच मापाचा. काही अडलं का?”

“आणि टिंबं? अरे, मोडीत शब्द शब्दापासून तोडायचीही पद्धत नव्हती. 1850 साली मेजर कँडीने विरामचिन्हांवर मराठीत पुस्तक काढलं. तेव्हा कुठे आपण श्वास घ्यायला लागलो!” हे सांगताना त्यांनी स्वतः एकदाही घेतला नाही. वॉचमनने कँडी म्हणजे गोळी समजून हात पुढे केला.

मागे रस्त्याच्या कामावर पाटी लागली: ‘गो स्लो मेन ॲट वर्क’. मध्ये काही नाही. काका मार्कर घेऊन गेले आणि ‘स्लो’पुढे ठसठशीत टिंब देऊन आले. गावातला टेम्पोवाला पाटीकडे आणि खड्ड्याकडे आळीपाळीने बघत म्हणाला, “काका, टिंब नव्हता तवाच खरा लिवला होता.”

काका हरले ते मात्र घरात. पुण्याला शिकणाऱ्या भाच्याचा मेसेज आला, ‘पोचलो’. काकांनी उत्तर धाडलं, ‘ओके’, आणि पुढे अर्थातच टिंब. पाच मिनिटांत फोन.

“मामा, रागावलात का?”

“का रे?”

“टिंब दिलंत ना. आमच्यात टिंब म्हणजे विषय संपला.”

काका बराच वेळ मोबाइलकडे बघत बसले. आता भाच्याला ते टिंबाशिवाय लिहितात. फक्त रात्री आवक-जावक वहीच्या शेवटच्या पानावर, भाच्याच्या नावापुढे, राहिलेली टिंबं ‘येणे’ म्हणून मांडून ठेवतात. परवा बघितलं, एकशे बारा झाली होती.