लाइक दिसलं की सिमिली

साहित्य: एक गाईड, एक पेन्सिल आणि कवितेकडे न बघण्याची तयारी.

आधी उच्चार. इंग्रजी अलंकारांच्या नावांतले बरेच शब्द ग्रीक. इंग्रजांनी ते उसने आणले आणि स्पेलिंगची शिक्षा आपल्याला दिली. 'सिमिली'ला 'स्माइल' म्हणू नये. 'हायपर्बली'ला 'हायपरबोल' म्हणणारे प्राध्यापकही भेटतील. त्यांना दुरुस्त करू नये, इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात असतात. 'सिनेक्डकी' म्हणायची वेळ आलीच तर खोकला काढावा.

आता पद्धत. कवितेत 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की खाली रेघ मारा, 'सिमिली' लिहा, पुढे व्हा. याच पद्धतीनं मी 'आय लाइक मँगोज' या वाक्याखाली रेघ मारली होती. "आंब्याची तुलना कशाशी केली आहे?" सरांनी विचारलं. मी म्हणालो, "आयशी." 'लाइक' नसूनही तुलना जाणवली तर मेटॅफर. वारा कुजबुजला, चंद्र लाजला, म्हणजे निर्जीवानं माणसासारखं काही केलं, की पर्सनिफिकेशन. मराठीच्या पेपरात याचंच नाव चेतनगुणोक्ती. तिथे ते दोन मार्कांना येतं म्हणून आपण घाबरत नाही.

अलिटरेशनला मात्र डोळे मिटा. पाठोपाठच्या शब्दांच्या सुरुवातीला एकच ध्वनी हवा, स्पेलिंग गेलं खड्ड्यात. 'कॅट' आणि 'सिटी' इंग्रजीत एकाच अक्षरानं सुरू होतात, पण हा अनुप्रास नव्हे. 'फोन' आणि 'फिश'ची अक्षरं वेगळी, तरी हा अनुप्रास. 'नाइफ' आणि 'नोज'चंही तेच. खात्री नसेल तर ओळ पेन्सिलनं देवनागरीत लिहून काढा, अलिटरेशन लगेच उघडं पडतं. लंडनच्या पोराला ही सोय नाही. अख्ख्या अभ्यासक्रमात मराठी माध्यमाचा फायदा मला एवढ्या एकाच ठिकाणी झाला. (पेपर देण्यापूर्वी ती देवनागरी खोडायला विसरू नका. मी विसरलो होतो.)

मेटॉनिमी की सिनेक्डकी, यावर हॉस्टेलमध्ये रात्री जागवल्या जातात. त्या जागवू नका, घरी जा. 'खाणारी तोंडं सात आणि कमावते हात दोन' असं वडील म्हणतात ना? तोंड नि हात हे माणसाचेच भाग, भागावरून अख्खा माणूस कळला, म्हणून ती सिनेक्डकी. 'मंत्रालयानं फाइल अडवली' ही मेटॉनिमी. मंत्रालय ही इमारत. ती कुणा साहेबाचा अवयव नाही, तो नुसता तिच्यात बसतो. इंग्लंडात हेच काम 'डाउनिंग स्ट्रीट' करते.

युफेमिझमची व्याख्या पाठ करायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत आजीची बांगडी 'वाढली', तिनं मारुतीपुढे नारळ 'वाढवला' आणि शेजारच्या काकू 'येते हं' म्हणत निघून गेल्या. माझं लक्ष गाईडमध्ये होतं.

या ग्रीक नावांनी खुद्द इंग्रजही वैतागले होते. जॉर्ज पटनमच्या नावावर असलेल्या, १५८९ साली छापलेल्या 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' या ग्रंथात त्यांचं चक्क नव्यानं बारसं केलेलं आहे. हायपर्बलीला तिथे 'लाउड लायर' म्हटलंय, म्हणजे मोठ्या आवाजाचा खोटारडा. आयर्नीला 'ड्राय मॉक', म्हणजे कोरडी थट्टा. ही नावं रुजली नाहीत, याची मला अजून हळहळ वाटते. रुजली असती तर व्याख्येची गरजच उरली नसती.

आयर्नीची व्याख्या सोपी आहे: बोलायचं एक, अभिप्रेत त्याच्या उलट. ती मला झोपेतही म्हणता यायची. पहिल्या चाचणीचा पेपर परत देताना, देवनागरीनं बरबटलेलं ते पान वर धरून सर सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "वा! असा विद्यार्थी या कॉलेजात पुन्हा होणे नाही."

मी घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. आईनं शिरा केला.