आबाशेठ आणि बत्तीस बोअर

गुंठे विकून पैसा आला की तो ठरलेल्या क्रमानं अंगावर चढतो. आधी गळ्यात, मग मनगटात, मग बोटांत, मग दारात. दारात म्हणजे फॉर्च्युनर, पांढरी, आणि तिचा नंबर वेगळे पैसे मोजून घेतलेला. एवढं सगळं झालं तरी कमर मोकळीच राहते, आणि ही मोकळी कमर माणसाला स्वस्थ बसू देत नाही. पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या कंपन्यांनी ज्यांच्या भातखाचरांना भाव आणला त्या पट्ट्यात, असा कमरेनं बेचैन झालेला माणूस गावागणिक एखादा तरी सापडतो. आमच्या गावच्या अशा गृहस्थांना आपण आबाशेठ म्हणू.

आबाशेठ स्वभावानं गरीब. शेजारचं कुत्रं मोकळं असेल तर गाडीतून उतरायचे नाहीत, हॉर्न वाजवून घरातल्यांना बाहेर बोलावतील. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला मारल्याचं ऐकिवात नाही, कुणाचा मार खाल्ल्याचंही नाही. पण एका लग्नात त्यांच्या व्याह्यांनी वाकून अक्षता उचलल्या, सदरा वर सरकला आणि खालून तपकिरी चामड्याचं टोक दिसलं. दोन माणसं आपोआप बाजूला झाली. आबाशेठनी ते पाहिलं. त्या रात्री ते माझ्याकडे आले. गावात सरकारी कागद वाचून दाखवण्याचं काम निवृत्तीनंतर आपसूक माझ्याकडे आलेलं आहे.

"गुरुजी, लायसनचा फॉर्म भरायचाय."

फॉर्म म्हणजे शस्त्र नियम, 2016 मधला नमुना ए-1. त्यात परवाना कशासाठी हवा, हे लिहावं लागतं. मी विचारलं, "जिवाला धोका कुणापासून?"

आबाशेठ विचारात पडले. बराच वेळ विचार केला आणि चेहरा उतरला. एवढी इस्टेट, आणि वाईटावर एकसुद्धा माणूस नाही! ही गोष्ट त्यांना अपमानकारक वाटली. शेवटी चुलतभावाची आठवण झाली. त्याच्याशी बांधावरून तीस वर्षांची भांडणं आहेत. दुसऱ्या दिवशी आबाशेठ स्वतः त्याच्या घरी गेले, चहा घेतला आणि म्हणाले, "एखादी धमकी दे की लेका. चिठ्ठीवर दिली तरी चालेल." भाऊ म्हणाला, "देतो, पण बांध फूटभर तुझ्या बाजूला सरकव." धमकी महाग पडत होती म्हणून ते राहिलं. अखेरीस मी खरं तेच लिहिलं: खडीच्या क्रशरचा धंदा, रोकड घेऊन रात्रीबेरात्री जाणं-येणं. पोलिसांची चौकशी झाली, डॉक्टरांचा दाखला झाला, आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर परवाना हातात पडला.

आता घ्यायचं काय? मुलीला स्थळ बघतानाही आले नसतील इतके सल्लागार या प्रश्नासाठी ओसरीवर जमले.

सासरे म्हणाले, दुनळी घ्या. दारात भिंतीला टेकवून ठेवली तरी काम होतं. पुतण्याचं मोबाईलवर खेळून शस्त्रज्ञान पक्कं झालेलं. तो म्हणाला, ग्लॉक सतरा. त्याला सांगावं लागलं की ग्लॉक सतरा नऊ मिलिमीटरचं, आणि नऊ मिलिमीटर हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. ते सैन्याचं आणि पोलिसांचं. साध्या परवान्यावर कमरेला लावायचं तर बहुतेकांच्या वाट्याला बत्तीस बोअर येतं. पुतण्याला हे पटलं नाही. "बत्तीस म्हणजे खेळणं, काका." त्यावर गावातले निवृत्त सुभेदार प्रथमच बोलले. "सिनेमातला जेम्स बाँड कोणतं वापरायचा माहितीये? वॉल्थर पीपीके. सात पॉइंट पासष्ट मिलिमीटर. म्हणजे बत्तीसच."

हे सांगून सुभेदारांनी नवाच घोळ घातला. आबाशेठना आता जेम्स बाँडचंच हवं झालं. पण ऐंशीच्या दशकात सरकारनं सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करण्याची वाट बंद केली. त्याआधी देशात आलेली वॉल्थर आणि वेब्ली हीच या परवान्यावरून त्या परवान्यावर फिरत राहतात, आणि दर फेरीत त्यांची किंमत लाखांनी वाढते. आजोबांच्या वयाचं पिस्तूल नव्या मोटारीच्या भावात घ्यायचं का, यावर वहिनींनी एका वाक्यात निकाल दिला: "जुनं लोखंड घरात आणायचं नाही."

सुभेदारांचा स्वतःचा सल्ला साधा होता आणि म्हणूनच तो कुणी ऐकला नाही. पहिलंच शस्त्र असेल तर रिव्हॉल्व्हर घ्या, म्हणाले. काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यांना दिसतात, भरलंय की रिकामं यात शंका नाही. पिस्तुलाचं तसं नसतं. मॅगझिन काढलं म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि एक गोळी वर नळीत बसलेली असते. घरात पिस्तूल साफ करताना होणाऱ्या अपघातांमागे पुष्कळदा हीच एक गोळी असते. आबाशेठनी मान डोलावली आणि विचारलं, "पण कमरेला कुठलं चांगलं दिसतं?"

नियमाप्रमाणे शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तिथले उस्ताद पहिल्या दिवशी गोळी दाखवतसुद्धा नाहीत. प्रत्येक शस्त्र भरलेलंच समजायचं. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. एवढंच घोकून घेतात. आबाशेठची अडचण तिसऱ्या कलमात निघाली. त्यांच्या उजव्या तर्जनीत पुष्कराज आहे. चांगला हरभऱ्यापेक्षा मोठा, सोन्याच्या जाड कोंदणात, ज्योतिषानं गुरूसाठी दिलेला. मूठ आवळली की खडा शेजारच्या बोटात रुतायचा. आबाशेठ कळवळून बोट सरळ करायचे, आणि उस्ताद खूश व्हायचे: "शाबास! बोट बाहेर!" सगळ्या तुकडीत त्यांचं बोट सर्वांत शिस्तीचं ठरलं. प्रत्यक्ष गोळी झाडायच्या वेळी मात्र अंगठी काढावी लागली. ती त्यांनी माझ्याकडे दिली आणि गुरूची मनातल्या मनात क्षमा मागितली. मग डोळे मिटून चाप ओढला. दाखला मिळाला. दाखल्यावर डोळ्यांचा उल्लेख नसतो.

मग आम्ही शहरातल्या एका जुन्या दुकानात गेलो. भिंतीवर दुनळ्या, काउंटरमागे सत्तरीचे मालक, नाकावर चष्मा. त्यांनी परवाना उलटसुलट वाचला, आबाशेठकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि कापडावर एकेक नग मांडायला सुरुवात केली.

पहिलं आलं निर्भीक. दिल्लीच्या 2012 च्या घटनेनंतर, 2014 साली, बायकांच्या पर्समध्ये मावेल असं म्हणून कानपूरला काढलेलं रिव्हॉल्व्हर. टायटॅनियमचं मिश्रण, वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत 1,22,360 रुपये. आबाशेठनी कमरेला खोचलं, सदरा खाली ओढला, मला विचारलं, "दिसतंय का?" म्हटलं, अजिबात नाही. मालक अभिमानानं म्हणाले, "तेच तर त्याचं वैशिष्ट्य!" आबाशेठनी ते परत ठेवलं. बावीस बोअरच्या निडरचं वजन अडीचशे ग्रॅम आहे, हे ऐकूनच त्यांनी ते मागवलं नाही.

दुसरं अशनी. बत्तीसचं पिस्तूल, आठ गोळ्यांचं मॅगझिन. आबाशेठचे डोळे चमकले. पण ते चपटं. सदऱ्याखाली असं बसलं की जणू जाड पाकीट. "लपवायला याच्यासारखं नाही," मालक म्हणाले, आणि सौदा तिथंच मोडला.

इथं मालकांच्या लक्षात आलं असावं. चष्मा काढून ते शांतपणे म्हणाले, "साहेब, नियमात आहे. सार्वजनिक ठिकाणी नेताना होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. दाखवत फिरायचं नाही. परवाना जाईल."

आबाशेठ माझ्याकडे वळले. इतका दुखावलेला चेहरा मी त्यांच्या वडिलांच्या दहाव्यालाही पाहिला नव्हता. "गुरुजी, झाकूनच ठेवायचं तर मग घ्यायचं कशाला?"

पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. चहा आला. चहा पिता पिता आबाशेठनी स्वतःच्या सदऱ्याचं टोक बोटांत चोळलं. पांढरं लिनन, उन्हात आरपार दिसेल असं तलम. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांना वाट सापडली. झाकायचं म्हटलंय, सपाट करायचं कुठं म्हटलंय? वस्तू झाकलेली राहील. फुगवटा मात्र दिसला पाहिजे.

तिथून खरी निवड सुरू झाली, आणि कबूल करायला हवं, इतक्या बारकाईनं शस्त्र पारखणारं गिऱ्हाईक त्या मालकांनीही पाहिलं नसेल. आबाशेठ खुर्चीत बसले, उठले. पुढाऱ्याला करतात तसा कमरेत वाकून नमस्कार केला. माझ्या पाया पडले, कारण लग्नात पडावं लागतं. सीटबेल्ट लावल्यासारखा हात आडवा घेतला. शेवटी दुकानाच्या फरशीवर पंगतीला बसतात तशी मांडी घातली, आणि नळी पोटाच्या घडीत रुतून "आई गं" म्हणत उठले. 2023 साली आलेलं प्रबल पाहिलं. त्याची गोळ्यांची चकती बाजूला उघडते, आणि पल्ला पन्नास मीटरचा सांगतात. आबाशेठना पन्नास मीटरमध्ये रस नव्हता. त्यांना पंगतीतल्या समोरच्या पानापर्यंतचा पल्ला पुरेसा होता. मोबाईलचा कॅमेरा आरशासारखा धरून बघायला लागले तेव्हा मालकांनी तो बंद करायला लावला. दुकानात फोटो चालत नाहीत.

अखेर ठरलं ते कानपूरचं जुन्या घाटाचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं, सातशे ग्रॅमच्या आसपास. कारण एकच: गोळ्यांची चकती गोल असते. तिचा उंचवटा तलम सदऱ्याखाली, डाव्या बाजूनं ऊन आलं तर, वीस पावलांवरून ओळखू येतो. सुभेदारांनी सांगितलं होतं तेच घेतलं गेलं. सुभेदार आजही समजतात की आपलं ऐकलं. मी त्यांचा समज तसाच ठेवलाय.

घरी आल्यावर वहिनींनी ते हातात न घेता पाहिलं आणि विचारलं, "चोरीला गेलं तर?" तोपर्यंत हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. चोरांच्या भीतीनं आणलेल्या वस्तूसाठी मग भिंतीत तिजोरी बसवली, तिजोरीसाठी कॅमेरा बसवला, आणि तिजोरीची किल्ली वहिनींच्या कमरेला गेली. आता बाहेर जाताना आबाशेठ, "अगं, जरा ते दे," असं हळू आवाजात मागतात. "कुठं चाललाय, कोण कोण आहे, किती वाजता येणार," ही चौकशी पोलिसांच्या चौकशीपेक्षा कडक असते, आणि निम्म्या वेळा अर्ज फेटाळला जातो.

खंडेनवमीला मात्र रिव्हॉल्व्हर पाटावर येतं. कोयता, विळा, क्रशरचा पाना आणि मधोमध ते, झेंडूच्या फुलांत. त्याचं कुंकू पुसताना आबाशेठ चकतीच्या खाचांतून माचिसची काडी फिरवतात. शस्त्राची वर्षातली तेवढीच देखभाल. पुतण्याच्या वरातीत पोरांनी "एक बार होऊ द्या" म्हणून गळ घातली, तेव्हा त्यांनी मलाच पुढं केलं. मी 2019 ची दुरुस्ती सांगितली: आनंदाच्या भरात हवेत झाडली तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आबाशेठच्या कपाळावरचा घाम पुसला गेला. मला वाटतं, कायद्याचा इतका मनापासून आधार क्वचितच कुणी घेतला असेल.

आणि मग 2024 च्या लोकसभेची आचारसंहिता लागली. पोलीस ठाण्याची नोटीस आली, शस्त्र जमा करा. आबाशेठनी जमा केलं, पावती घेतली. पण मे महिना लग्नांचा. मोकळ्या कमरेनं मांडवात जायचं कसं? पहिल्याच लग्नाला ते आले तर सदऱ्याखाली उंचवटा जसाच्या तसा. मांडवात कुजबुज झाली, माणसं बाजूला झाली, आणि बंदोबस्तावरचे फौजदार सरळ चालत आले.

"काय आहे कमरेला? आचारसंहिता आहे, माहितीये ना?"

आबाशेठनी मान खाली घालून सदरा वर केला. होल्स्टरमध्ये त्यांचं रक्तातली साखर मोजायचं यंत्र होतं, पट्ट्यांच्या डबीसकट. गोल डबी. चकतीच्याच घेराची.

फौजदारांनी यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. मग इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "बरोबर दाखवतं का हो? आमच्या दवाखान्यातलं बिघडलंय." आणि तर्जनी पुढं केली. तेवढ्यात मागं वरमाय, दोन करवले आणि बँडवाला येऊन उभे राहिले. आबाशेठनी खुर्ची ओढली, सुई काढली आणि आयुष्यात पहिल्यांदाच अधिकाराच्या आवाजात पोलिसाला विचारलं, "जेवून किती वेळ झाला? खरं सांगायचं."