बदाम सत्तीस अनावृत पत्र

डोंबिवली (पूर्व)
मंगळवार, ३१ मार्च २०२०

बदाम सत्तीबाईंस,


पत्र उघडं लिहितेय, कारण पाकिटावर घालायला तुमचा पत्ता नाही. जन्म पत्त्यांत गेला आणि स्वतःचाच पत्ता नाही, अशा तुम्ही पहिल्याच.

२४ तारखेला रात्री आठ वाजता टीव्हीवरून सांगण्यात आलं की एकवीस दिवस कुणी घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. आम्ही चौघांनी ऐकलं. शेजारच्यांचा बोकासुद्धा जिन्यातून परत फिरला. आमच्या घरातून बेपत्ता झालेल्या एकट्या तुम्ही. ना पास, ना ओळखपत्र, ना अत्यावश्यक सेवा. लोकल बंद, रिक्षा बंद, नाक्यावर पोलीस, आणि तरी तुम्ही निसटलात. मास्क तरी लावला होतात का?

पाडव्याला दुपारी गुन्हा उघडकीस आला. चक्का मिळाला नव्हता म्हणून श्रीखंड नाही, गाठी मिळाल्या नव्हत्या म्हणून गुढीच्या गळ्यात नुसती झेंडूची माळ, तीही कुंडीतल्या पाच फुलांची. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून कॅट काढला आणि म्हणाल्या, "चला, वर्षाचा पहिला डाव." त्यांनी पिसलं, चिरंजीवांनी काटलं, तेरा-तेरा वाटून झाली. पानं लावून झाल्यावर नेहमीचा प्रश्न आला, "बदाम सत्ती कुणाकडे?"

कुणी बोलेना.

संशय अर्थातच सासूबाईंवर गेला. एरवी देवमाणूस, पण हातात पानं आली की त्यांचा चेहरा बदलतो. चष्मा कपाळावर चढवायचा, पानं पदराआड धरायची, आणि किलवरची छक्की हातात असताना, किलवरची सत्ती समोर पसरलेली असताना, अगदी तुळशीला पाणी घालावं तशा सात्त्विक आवाजात "पास" म्हणायचं. पुढे पंजी घेऊन बसलेला नातू रडकुंडीला आला तरी त्या ढळत नाहीत. तेव्हा या खेपेला त्यांना मांडी सोडायला लावली. मांडीखाली फक्त जपमाळ निघाली. मग पानं मोजली. तेरा, तेरा, तेरा, बारा. बारावाले आमचे हे. त्यांनी ताबडतोब सांगून टाकलं, "माझा काही संबंध नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, बाई. पुढे कामाला येणार आहे.

सगळं घर पालथं घातलं. सोफ्याखाली एक सागरगोटा, कपाटामागे चार आण्याचं नाणं आणि कुणाच्या तरी लग्नातला फेट्याचा तुरा सापडला. तुम्ही नाहीत. जोकरला बसवावं म्हटलं तर एक जोकर २०१४ पासून किलवरची दुर्री म्हणून नोकरीला आहे आणि दुसऱ्याच्या पोटावर गॅसवाल्याचा नंबर लिहून तो फ्रिजला चिकटवलेला. त्याला तर या दिवसांत हलवायची सोयच नाही.

एका सत्तीने एवढं काय अडतं, असं तुम्हाला वाटत असेल. (वाटत नसेलच. तुमच्या नावाचा खेळ आहे म्हटल्यावर गर्व असणारच.) तुम्ही पडल्याशिवाय बदाम-सत्तीचा डाव उघडत नाही. पाच-तीन-दोन खेळावं, तर त्याच्या तीस पानांत दोनच सत्त्यांना प्रवेश: एक इस्पिकची आणि एक तुम्ही. तुमच्याविना एकोणतीस, तिसऱ्या गड्याच्या हातात नऊच पानं. झब्बू एक्कावन्न पानांत चालतो, पण तो सासूबाईंच्या मते पोरखेळ. शेवटी 'नॉट ॲट होम'चं नाव निघालं, आणि गेले तीन दिवस सगळेच घरी असल्यामुळे त्या नावावरच हशा होऊन बैठक मोडली.

सासूबाईंचं माहेर सावंतवाडीकडचं. त्यांनी मला ऐकवलं की त्यांच्या आजोळी दशावतारी गंजिफा होता. गोल, लाखेच्या रंगात रंगवलेली एकशे वीस पानं, दहा अवतारांची बारा-बारा. एक पान इकडचं तिकडे झालं नाही. "आणि तुम्हाला बावन्न सांभाळता येत नाहीत." दहा अवतार सांभाळणाऱ्या घरातून आलेल्या बाईपुढे मी काय बोलणार? भांडी घासायला उठले.

भांड्यांचं सांगायचं राहिलं. कामाच्या मावशींना घरी बसायला सांगितलंय, पगारी. त्यामुळे या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला एक छंद लागला, तसा मला हा. डाव रंगात आला की कुकरची शिट्टी होते, मी पानं उपडी ठेवून उठते, आणि परत येईपर्यंत माझी राणी कुणाकडे आहे हे सगळ्या बैठकीला ठाऊक असतं.

बाकीच्यांचं बरं चाललंय. चिरंजीव सातवीत, परीक्षा सरकारने २० तारखेलाच रद्द केली, तेव्हापासून तो आयुष्यात कधी केला नव्हता एवढा अभ्यास मोबाइलवरच्या लुडोचा करतोय. काल त्याने कॉफी, साखर, गरम पाणी समसमान घेऊन काट्याने वीस मिनिटं फेटली. तिचा तपकिरी फेस दुधावर ठेवून फोटो काढला आणि कप माझ्याकडे सरकवला. फेस कडू, खालचं दूध अळणी. ढवळून प्यायले तर चव नेहमीच्या कॉफीची, फक्त हात त्याचा दुखला.

शनिवारपासून दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा सुरू झालंय, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. १९८७ साली सासूबाई रविवारी सकाळी अंघोळ करून, टीव्हीला हार घालून बसायच्या म्हणे. आता फुलं मिळत नाहीत म्हणून टीव्हीला नुसतं पुसून घेतलं. त्या नऊला बसतात म्हणून ह्यांची ऑफिसची मीटिंग बाथरूममध्ये भरते. पलीकडच्या साहेबांना बाण सुटल्याचे आवाज ऐकू जातात, पण त्यांच्याही घरात तेच चालू असल्याने कुणी काही बोलत नाही.

हिशेब म्हणाल तर एकवीस दिवस म्हणजे तीन सत्त्या. घरात तुमच्या बहिणी उरल्यात तीनच: इस्पिक, किलवर, चौकट. आज एक संपली. तिन्ही कशा काढायच्या या विवंचनेत गुरुवारीच आम्ही तुमच्या जागी बदली नेमली, हे कळवायला हवं.

झालं असं, की ह्यांच्या मावसभावाचं एप्रिलमधलं लग्न पुढे गेलं. पत्रिका मात्र येऊन पडलेली, चांगल्या जाड कागदाची. चिरंजीवांनी राणीच्या मापाने ती कापली, लाल स्केचपेनाने सात बदाम काढले. त्यातला एक बटाट्यासारखा दिसतो. खरी गंमत पाठीवर आहे. बाकी एक्कावन्न पानांच्या पाठीवर निळी नक्षी आणि या एकीच्या पाठीवर सोनेरी गणपती. लपणार कशी? वाटतानाच कळतं. पण बदाम सत्ती लपवायची नसतेच, जिच्याकडे असेल तिने आधी टाकायची. त्यामुळे आता "सत्ती कुणाकडे?" कुणी विचारत नाही, "गणपती कुणाकडे बसले?" विचारतात, आणि डावाचा खरोखरीच श्रीगणेशा होतो. पहिल्या दिवशी सासूबाईंनी टाकण्याआधी पान कपाळाला लावलं. मग हातातली चौकट अठ्ठी दाबून "पास" म्हणाल्या.

म्हणजे तुमच्यावाचून अडलं नाही. हे मी तुम्हाला लागावं म्हणूनच लिहितेय.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. आज सकाळी 'रामायणा'त जाहिराती लागल्या असताना मी सहज म्हटलं, "लायब्ररीचं ते रहस्यकथेचं पुस्तक तेवढं अर्धं राहिलंय, काढते आज." हे मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "ते ना? ते मी बंद व्हायच्या आधीच परत करून आलो. तारीख उलटली असती." आणि माझ्या डोळ्यांपुढे एकदम ते पुस्तक उभं राहिलं: पलंगाशेजारच्या स्टुलावर, पान एकशे बारा, आणि खूण म्हणून आत घातलेल्या, डोकं जरासं बाहेर काढलेल्या तुम्ही. घातल्या होत्या मी. हाताशी कॅट होता, तुम्ही वर होतात.

तेव्हा पळून गेल्याचा आरोप मी मागे घेते, बाकीचे सासूबाईंना विचारून. वाचनालयाला कुलूप आहे, कधी उघडेल ते तिथल्या फळ्यावरही लिहिलेलं नसणार. तुम्ही आहात तिथेच थांबा. आणि आता इतक्या आतल्या गोटात आहातच, तर पुढची पन्नास पानं वाचून ठेवा. मला मामांचा संशय येतोय.

आपली,
शेजारच्या खोलीतून "पास" म्हणणारी

ता. क. सासूबाई म्हणतात, तुम्ही परत आलात तरी गणपतीला उठवायचं नाही. तुमची सोय जोकरमध्ये लावू.