उभयपक्षी वक्ता घडवण्याची कृती

साहित्य : नववीचा एक वर्ग, एक घंटा, एक रुपयाचे नाणे.

विषय जपून निवडावा. ‘मोबाईल : शाप की वरदान’ घेऊ नये. त्यावरची दोन्ही भाषणे बाजारात तयार मिळतात आणि उरलेली आईच्या अक्षरात घरून येतात. ‘आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य?’ हा घ्यावा. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले टिळक-आगरकर पुढे याच वादात दुरावले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. विषयात दम आहे, हे यावरून दिसतेच.

आता मुलांना हवी ती बाजू निवडू द्यावी. सगळ्यांची नावे लिहून झाली की नाणे उडवावे. छापा पडला तर बाजू उलट्या. काटा पडला तरी उलट्याच.

दुसऱ्या दिवशी एक पालक येतील. “सर, आमच्या घरात तीन पिढ्या टिळकांचा फोटो आहे आणि तुम्ही पोराला आगरकर दिलेत?” फोटो उतरवायला सांगितलेला नाही, एवढेच नम्रपणे सांगावे.

खरी मेहनत पूर्वपक्षाची. नियम असा : समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या तोंडाने सांगायचे आणि तो “हो, हेच म्हणायचं होतं मला” म्हणाला, तरच खंडन सुरू. वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिला वक्ता उठून म्हणतो, “माझे मित्र म्हणतात, समाज गेला खड्ड्यात.” मित्र ओरडतो, “मी असं कुठं म्हटलं?” पुन्हा सुरुवात. तेवढ्यात तास संपतो. पहिले काही तास असेच संपतील. त्यांत शिकवणे झालेले नाही असे समजू नये.

मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा काढावा. मुलींचे संमतिवय दहाचे बारा झाले, त्याला टिळकांचा विरोध होता. एखादी मुलगी विचारेल, “सर, माझी बहीण अकराची आहे. मी विरोधात बोलू?” बोलायला लावावे. बालविवाह चांगला, असे न म्हणता ‘परक्या सरकारने आमच्या घरात कायदा का करावा?’ हा मुद्दा तिला शोधून काढावा लागेल. तो सापडल्यावर ती स्वतःवरच चिडेल. कृती जमत आल्याची ही खूण.

तक्रारींना घाबरू नये. इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सच्या दूतमंडळातला तत्त्वज्ञ कार्नेअडीस रोममध्ये एके दिवशी न्यायाच्या बाजूने बोलला आणि दुसऱ्या दिवशी विरोधात. तरुण खूश झाले. रोमन सिनेटर थोरल्या कॅटोने मात्र या दूतांचे काम उरकून त्यांना लवकर घरी पाठवा, असा आग्रह धरला. कॅटो प्रत्येक शाळेच्या पालक-शिक्षक संघात असतोच.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्व कळावे म्हणून वाद, जिंकावे म्हणून जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची फक्त मोडायची ती वितंडा. फिरता करंडक साधारणपणे दुसऱ्या प्रकाराला मिळतो, तिसऱ्याला उत्तेजनार्थ.

क्वचित एखादा विद्यार्थी अर्ध्या भाषणात थांबून म्हणतो, “सर, समोरच्याचं पटतंय मला.” परीक्षकांच्या तक्त्यात उच्चार, मुद्दे, हावभाव आणि वेळेचे भान एवढेच रकाने असतात. त्याचे गुण तूर्त हावभावात टाकावेत.